सुलेखाताईंच्या कानातली कढई

माझ्या नणंदबाई, सुलेखाताई, कढईकडे पाठ करून चकल्या तळतात. पाठ करून म्हणजे अक्षरशः पाठ करून. तेलात चार चकल्या सोडल्या की त्या वळतात, फ्रीजला टेकतात आणि समोर जो कोणी सापडेल त्याची हजेरी घ्यायला लागतात. तुझं वजन का वाढलं, परवा फोन का केला नाहीस, तुझ्या मुलाला 'ळ' कधी म्हणता येणार. आणि बोलता बोलता, वाक्य अर्धं तोंडात असतानाच, वळून झारा उचलतात आणि चकल्या बाहेर काढतात. दर वर्षी त्याच रंगाच्या. मी चोवीस दिवाळ्या हा प्रकार बघत आलेय आणि चोवीस दिवाळ्या माझी चिडचिड होत आलीये, कारण मी कढईत डोळे घालून बसते तरी माझा एक घाणा पांढरा आणि दुसरा करपलेला निघतो.

त्यांचं गुपित काही मोठं नाही. सांगलीला त्यांच्या आईनं शिकवलं होतं की तेल बोलतंय तोवर चकली कच्ची, तेल गप्प झालं की काढायची. चकलीतलं पाणी निघून जात असतं तोवर तेल चरचरतं, पाणी संपलं की आवाज बसतो. हे मलाही कळतं. पण तो आवाज नेमका कधी बसला हे गप्पांच्या गदारोळात ज्याला ऐकू येतं तो कान माझ्याकडे नाही. कोविडच्या वर्षी मी दवाखान्यात काम करत असल्यामुळे कुणाकडे जात नव्हते, तेव्हा या बाईंनी सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या आपल्या घरात बसून मला तोआ पायोच्या माझ्या फ्लॅटमध्ये फोनवरून चकल्या तळायला लावल्या होत्या. फोन ओट्यावर ठेवलेला. "काढ," त्या म्हणायच्या, आणि मी काढायचे. त्या वर्षी आमच्या घरच्या चकल्या निशिकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या लाडक्या धाकट्या भावाला, फार आवडल्या. ते त्याने मला चारदा सांगितलं.

सुलेखाताई आता एकसष्टच्या आहेत. १९९९ साली शैलेंद्र भावजींच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, एम्प्लॉयमेंट पासवर, एक वर्षाच्या लेकीला, गार्गीला, कडेवर घेऊन त्या सिंगापूरला आल्या. नंतर एका इंटरनॅशनल शाळेच्या लायब्ररीत सतरा वर्षं नोकरी केली. म्हणजे मुलांना गप्प बसवण्याचा पगार या बाईंना मिळत होता. शाळेनं काय बघून घेतलं असेल याचा विचार मी अजून करते.

पण त्यांची एक गोष्ट मी नावाजते. पहिल्या वर्षी दिवाळीला त्यांना इथे कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी एकटीनं किलोभर चकल्या केल्या आणि मग द्यायला कुणी नाही म्हणून ओट्याशी उभं राहून रडल्या. शेवटी शेजारच्या चिनी आजींचं दार वाजवलं. तेव्हापासून त्यांचा नेम आहे की पुण्यामुंबईहून नवीन आलेल्या कुणाही मराठी माणसाची इथली पहिली दिवाळी चकलीच्या डब्याशिवाय जाता कामा नये. ही नवीन माणसं त्या कुठून हुडकून काढतात हे इमिग्रेशनवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं. दर वर्षी फ्रीजवर यादी लागते. जुनी-नवी मिळून चाळीसएक घरं.

आणि त्या चाळीस घरांत आमचंही एक घर असतं. आम्हाला तुकडे मिळतात. मोडलेल्या चकल्या. "घरच्यांना काय, तुकडे चालतात," असं म्हणून आमचा डबा भरला जातो. हे मी आत्ता नुसतं सांगून ठेवते. पुढे लागेल.

तर, गेल्या फेब्रुवारीत सुलेखाताईंना ऐकू यायला लागलं की कुणीतरी काहीतरी तळतंय.

आधी त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर तळतायत. त्या वर जाऊन आल्या. वरचे लोक सॅलड खात होते. मग त्यांनी ठरवलं की हे रातकिडे. त्यांच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, मागे रान आहे आणि तिथले किडे संध्याकाळी खरोखर कान किटवतात, त्यामुळे ही कल्पना सगळ्यांनाच पटली. फक्त हे किडे सकाळी दहालाही थांबेनात. सुलेखाताईंनी काँडोच्या मॅनेजमेंटला पत्र लिहिलं की किड्यांचा बंदोबस्त करा. मॅनेजमेंटनं एक नम्र तरुण पाठवला. तो बाल्कनीत पाच मिनिटं कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला की मॅडम, आत्ता एकही किडा ओरडत नाहीये. सुलेखाताईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "यू शुड गेट युवर इयर्स चेक्ड."

मग त्यांना भूक लागायला लागली.

इथे एक सांगायला हवं. तळणाच्या दिवशी सुलेखाताई स्वतः चकली खात नाहीत. दिवसभर तेलाच्या वासात उभं राहिलं की त्यांचं पोट वासानंच भरतं, दुपारी त्या चार घास ताकभात खातात आणि आडव्या होतात. चोवीस वर्षांत तळणाच्या दिवशी मी त्यांना चकलीचा तुकडा तोंडात टाकताना पाहिलेलं नाही. आणि मार्चमध्ये एका रविवारी शैलेंद्र भावजींचा मला फोन आला. भावजी म्हणजे अतिशय शांत माणूस, बायको बोलत असताना इतक्या वर्षांत त्यांची कितीतरी वाक्यं राहून गेली आहेत. ते हळू आवाजात म्हणाले, "अनघा, ही चकल्या तळतेय. मार्चमध्ये. आणि तळून खातेय."

"किती?"

"पहिला घाणा ताटलीत पोचलाच नाही."

मग ते वाढतच गेलं. नाश्ता झाला की अकरा वाजता परत नाश्ता. लिटिल इंडियात डाळी आणायला गेल्या की आधी डोसा, मग मिठाईच्या दुकानात दोन जिलब्या, मग परत येताना वाटेत खायला म्हणून शेवेचं पाकीट. त्यांचं म्हणणं एकच होतं. "अगं, दिवसभर कानात चकल्या तळल्या जातायत. मग भूक लागणार नाही तर काय होईल?" मला ते ऐकून हसू आलं, आणि मग वाटलं, बाईंच्या बोलण्यात काहीतरी आहे खरं. शेजारच्या घरात भजी तळली की आपण पुस्तक खाली ठेवतोच. यांच्या कानात तर चोवीस तास भजी.

शिवाय त्यांना एक शोध लागला होता. कडक काहीतरी चावत असलं की कानातलं चरचरणं ऐकू येत नाही. कुडुमकुडुम आवाजात ते बुडून जातं. म्हणून पर्समध्ये कायम चकली. आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी आहे हे सव्वीस वर्षं इथे राहणाऱ्या बाईला माहीत नसतं असं नाही. पण बोटॅनिक गार्डन्स स्टेशन गेलं आणि डब्यात अगदी शांतता झाली, तशी कानातली कढई तापली, आणि सुलेखाताईंनी खाली वाकून पर्समध्ये तोंड घालून एक घास घेतला. मी शेजारी बसले होते. तो आवाज मी विसरणार नाही. सगळा डबा फोनमधून मान वर करून बघायला लागला, आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या डब्यातून एमआरटीचा एक गणवेशातला माणूस आमच्याकडे आला. सुलेखाताई जागच्या जागी थिजल्या. स्टीव्हन्स, न्यूटन, लिटिल इंडिया, तीन स्टेशनं ही बाई गालात अख्खी अर्धी चकली धरून, न चावता, न गिळता, त्या माणसाकडे बघून मंद हसत बसली होती. चोवीस वर्षांत त्या सर्वांत जास्त वेळ न बोलता बसल्या तो हाच.

उपायही चालूच होते. दर रविवारी लसणाच्या पाकळ्या ठेचून तेलात उकळायच्या, ते तेल कोमट झालं की दोन्ही कानांत सोडायचं, आणि मग इयरबड घेऊन कान आतून लख्ख करायचा. लहानपणापासूनची सवय. कान वाजायला लागल्यावर रविवारचं ते बुधवारी पण व्हायला लागलं. निशिकांतला व्हॉट्सअॅपवर कळलं होतं की कान वाजणं हे वाताचं असतं, तेव्हा त्याने तेल वाढवायला सांगितलं. मी म्हटलं, "मी नोव्हेनाला कान-नाक-घशाच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते हे या घरात कुणाच्या लक्षात आहे का?" तर ताई म्हणाल्या, "तू अपॉइंटमेंट देतेस गं, औषध नाही देत."

हे बोलणं मला लागलं. मी त्यानंतर सहा महिने तो विषय काढला नाही. चूक माझी होती, मान्य आहे.

सप्टेंबरच्या शेवटी दिवाळीच्या आधीचा नमुन्याचा घाणा असतो. भाजणी यंदा कशी झालीये ते बघायला. आम्ही दोघं, भावजी आणि गार्गी, सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात. फ्रीजवर यादी लागलेली, त्यात यंदा अकरा घरं नवीन. ताईंनी चकल्या सोडल्या, वळल्या, फ्रीजला टेकल्या आणि गार्गीच्या ऑफिसमधल्या साहेबाबद्दल बोलायला लागल्या. बोलत राहिल्या. मी कढईकडे बघत होते. चकल्या लाल झाल्या. मग तपकिरी झाल्या. मला वाटलं, त्या आता वळतील. मी काही बोलायला नको, आपण कोण सांगणारे. चकल्या काळ्या झाल्या, धूर वर गेला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला.

भावजी स्टूल आणायला धावले. गार्गी टॉवेल हलवत होती. सुलेखाताई मात्र कढईसमोर उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, तेल निवळलं, सगळा आवाज थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अजून चरचरतंय ना?"

"नाही ताई."

"निशी, तुला?"

निशिकांतने नकारार्थी मान हलवली.

त्यांनी सोऱ्या धुतला, पुसला, त्याचे सगळे भाग फडक्यात गुंडाळले आणि वरच्या कपाटात ठेवून दिला. मग फ्रीजवरची यादी काढून तिची घडी घातली. "यंदा चकल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "लोकांना काय, लिटिल इंडियात विकत मिळतात."

मी खोटं बोलणार नाही. पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सुटलो तुकड्यांतून. ते जेमतेम दोन सेकंद टिकलं. मग त्या घडी घातलेल्या यादीकडे माझं लक्ष गेलं. त्या अकरा घरांतली कुणीतरी बाई ओट्याशी एकटी उभी राहणार होती, आणि ते माझ्या नणंदेला आत्ताच दिसत होतं. ही बाई माझ्यावर वाटेल तेवढी ओरडू दे, पण अशी गप्प बसलेली मला चालणार नव्हती. मी तिथल्या तिथे फोन काढला आणि दुसऱ्या दिवशीची सकाळी साडेनऊची वेळ टाकली. अपॉइंटमेंटच देते ना मी, मग घ्या.

ताई येताना घाबरलेल्या होत्या. त्यांनी नेटवर वाचलं होतं आणि नेटवर कान वाजण्यापासून मरण दोन ओळींवर असतं. आमच्या डॉक्टर ओंग म्हणजे तिशीतली एक हसरी मुलगी. तिने ताईंना सरळ प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला एक गोष्ट मिळवली. मोठ्या आवाजात काम केलंय का, तर लायब्ररीची गोष्ट. अॅस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळ्या फार घेता का, तर भावजींच्या गुडघ्याची गोष्ट. जबडा दुखतो का, तर एमआरटीची गोष्ट. रक्तदाब तपासला, तो ठीक निघाला. मग डॉक्टरनी उजव्या कानात दुर्बीण घातली आणि बराच वेळ ती आत बघत राहिली.

"खूप मळ आहे," ती शेवटी म्हणाली. "अगदी आत ढकललेला. इयरबड वापरता?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

डॉक्टर बारीक नळीनं मळ ओढून काढत होती. मग थांबली. चिमटा घेतला. काहीतरी हळूच बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं, हुंगलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एकवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही डॉक्टरच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

"इज धिस," ती म्हणाली, "गार्लिक?"

लसणाच्या पाकळीचा नखाएवढा कपटा होता. मळात लपेटलेला, तेलात मुरलेला, किती रविवार आत होता देव जाणे. डॉक्टरनी तो छोट्या वाटीत ठेवला. नर्स बघायला आली. शेजारच्या खोलीतले डॉक्टर बघायला आले. सुलेखाताई म्हणाल्या, "मी गाळून घालते गं तेल," आणि मग स्वतःच खो खो हसत सुटल्या. त्या फेब्रुवारीनंतर तशा हसल्या नव्हत्या.

मग डॉक्टरनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. कान वाजतो तेव्हा बहुतेक वेळा कानात काही वाजत नसतंच. बाहेरून येणारा आवाज कमी पडला, मग तो मळामुळे असो, वयामुळे असो, नाहीतर वर्षानुवर्षांच्या गोंगाटानं आतल्या पेशी झिजल्या म्हणून असो, की मेंदू आपलाच आवाज वाढवतो आणि काहीतरी ऐकू आलंच पाहिजे असा हट्ट धरतो. ताईंचा मेंदू हट्ट धरणारच, त्यात मला नवल वाटलं नाही. ताईंनी भुकेचं विचारलं. डॉक्टर म्हणाली की भूकही पोट ठरवत नाही, मेंदूच ठरवतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, पोट आणि चरबी त्याला निरोप पाठवतात, कुणी म्हणतं वाढ, कुणी म्हणतं पुरे, आणि तो निकाल देतो. पुरेचा निरोप पोचायला वीसेक मिनिटं लागतात. झोप नीट झाली नाही तर 'वाढ'वाल्याला जोर चढतो आणि 'पुरे'वाला मागे पडतो. "तुमची झोप कशी आहे?"

"आठ महिने नाही," ताई म्हणाल्या. "पण डॉक्टर, कानात सतत तळण चालू असेल तर त्या बदामाला ऐकू जात नसेल का?"

डॉक्टरनी विचार केला. "असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही," ती म्हणाली. "पण मलाही आता भूक लागलीये."

तपासणीत असं निघालं की वयाप्रमाणे ताईंना बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात. मळ गेल्यावर कानातलं बरंचसं थांबेल, पण बारीकसं काहीतरी राहील. ते पुसून टाकणारी गोळी नाही, मेंदूला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं. जाता जाता डॉक्टर अजून काहीतरी म्हणाली. पण ताई तेव्हा एसीचा आवाज ऐकून चकित झालेल्या होत्या आणि माझं सगळं लक्ष वाटीतल्या लसणाकडे होतं.

बाहेर आल्यावर ताईंना बसचे दरवाजे ऐकू आले, कुणाच्या चपला ऐकू आल्या, सिग्नलची टिकटिक ऐकू आली. मी म्हटलं, "कसं वाटतंय?"

त्या दचकल्या. "अनघा, तू इतकं मोठ्यानं बोलतेस?"

त्या आठवड्यात त्या झोपल्या. भावजी रोज बातमी द्यायचे. आज अकराचा नाश्ता नाही. आज शेवेचं पाकीट उघडलं नाही. पण चकलीचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "उजव्या कानात अजून आवाजाचा एक दोरा आहे. बारीक. तो तेलासारखाच वाजतो." सोऱ्या कपाटातून खाली आला नव्हता.

शेवटी दिवाळीला आठ दिवस असताना, रविवारी सकाळी, गार्गीने स्टूलवर चढून सोऱ्या काढला आणि ओट्यावर ठेवला. "आई, जस्ट ट्राय लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "नाही जमलं तर नाही."

आम्ही सगळी तयारी केली होती. म्हणजे आम्ही शांततेची तयारी केली होती. एसी बंद, पंखा बंद, फोन बंद, खिडक्या लावलेल्या. भावजींनी भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवून आतल्या खोलीत नेलं. निशिकांतला मी घरीच ठेवलं, कारण तो नाकानं आवाज करतो. ताईंनी कढईकडे तोंड करून, वाकून, कान पुढे करून चकल्या सोडल्या. आम्ही श्वास धरून उभे. कुणी हूं की चूं नाही.

पहिला घाणा त्यांनी लवकर काढला. पांढरा, मऊ. दुसऱ्याला भिऊन जास्त थांबल्या, तो करपला. तिसरा परत मऊ. ताईंच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही गप्प बसता तेव्हा तो दोरा जास्तच वाजतो," त्या म्हणाल्या. आम्ही आणखी गप्प बसलो.

चौथ्या घाण्याच्या चकल्या तेलात सोडून त्यांनी त्या मऊ चकल्या हातात घेतल्या. त्या मोडल्या. "यादी फाडून टाक, गार्गी," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी सवयीनं, "आणि हे निशीच्या डब्यात भर. घरच्यांना काय."

माझं डोकं फिरलं.

"नाही भरायचं," मी म्हटलं. "चोवीस वर्षं मी तुकडे खातेय, ताई. चोवीस. परवा पुण्याहून उतरलेल्या, नाव माहीत नसलेल्या मुलीला अख्ख्या चकल्या, आणि मला चुरा. माझ्या आईला दाखवायला एकदा अख्खी चकली मागितली होती मी, दोन हजार सातला, तर तुम्ही म्हणालात फोटो पाठव."

ताई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "मग तू काय चकल्या केल्यास गं आजवर? फोनवरून सांगावं लागतं तुला."

"तुमच्या फोनवरच्या चकल्यांचं कौतुक मला चारदा ऐकावं लागलं."

"तो खोटं बोलला. मीठ कमी होतं."

"मामी, चिल लाह," गार्गी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," आम्ही दोघी म्हणालो.

"आणि आज हिला तुकडे सलतायत," ताई म्हणाल्या, फ्रीजला टेकल्या, "अगं, मोडकी चकली आत नीट शिजलीये की नाही ते दिसतं, म्हणून तुला ती..." आणि अर्ध्या वाक्यात वळल्या, झारा उचलला आणि चकल्या बाहेर काढल्या.

आम्ही ताटलीकडे बघत राहिलो. तोच रंग. चोवीस वर्षांचा.

गार्गीने एक उचलून मोडली. टक्कन मोडली. भावजी तोंडावर हात ठेवून खाली बसले. आणि मला, ओट्याला धरून उभी असताना, नोव्हेनाच्या त्या खोलीतलं डॉक्टरचं शेवटचं वाक्य एकदम लख्ख आठवलं. पूर्ण शांततेत बसू नका, ती म्हणाली होती. शांततेत मेंदूला तेवढंच ऐकायला उरतं. आजूबाजूला काहीतरी आवाज राहू द्या. रिसेप्शनला बसते मी, आणि तेवढंच नेमकं विसरले होते.

"गप्प का झालीस?" ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र नेहमीसारखाच खडसावणारा होता. "पुढचा घाणा सोडलाय. बोल."

"काय बोलू?"

"तेच. तुकड्यांचं. दोन हजार सातचं बोल."

मी बोलले. अकरा किलो भाजणी होती आणि मी सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन भांडत होते. दुसऱ्या किलोलाच माझी गाऱ्हाणी संपली, मग भावजींची घेतली. ती त्या माणसाकडे इतकी साठली होती की पुढचे पाच किलो त्यावर निघाले, आणि शांत माणूस असा बोलतो हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. गार्गीने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, रानातले खरे किडे आत ऐकू यायला लागले. सुलेखाताई कढईकडे पाठ करून प्रत्येकाला प्रत्युत्तर देत होत्या, मध्येच वळत होत्या, काढत होत्या. एकही घाणा चुकला नाही.

तीन वाजता जेवायला बसलो. भावजींनी चकल्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "घे एक."

"नको हो."

"अगं, एक तरी."

"नको म्हटलं ना. वासानंच पोट भरलंय माझं. ताकभात वाढा थोडा."

भावजींनी तिसऱ्यांदाही आग्रह केला, ताईंनी तिसऱ्यांदाही नाही म्हटलं, आणि तो माणूस आनंदानं लालेलाल झाला. बायकोनं खायला नकार दिल्यावर इतका खूश झालेला नवरा मी पाहिलेला नाही. त्या चार घास ताकभात खाऊन आडव्या झाल्या.

यादीतल्या सगळ्या घरी डबे गेले. अकरा नव्या घरीसुद्धा. आमचा डबा निशिकांत घेऊन आला. मी तो ओट्यावर ठेवून झाकण काढलं. वरचा थर अख्ख्या चकल्यांचा होता, एकही काटा न मोडलेला. मी दोन बोटांनी तो अलगद उचलला. खाली नेहमीप्रमाणे तुकडेच होते.

मी वरचा थर तसाच ठेवला आणि खालून खायला सुरुवात केली.